खोटी वर्दी, खरी आग
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

काही वर्षांपूर्वी मी अमेरिकेत न्यू जर्सीला भाचीकडे राहायला गेलो होतो. पहिल्याच सकाळी तिनं पोह्यांसाठी फोडणी केली. तेल तापलं, मोहरी तडतडली, मिरच्या पडल्या आणि त्याच क्षणी छतावरून असा कर्कश आवाज सुरू झाला की माझ्या हातातला चहा सांडला. भाची मात्र शांत. तिच्या नवऱ्यानं खुर्ची ओढली, वर चढून छताला चिकटवलेली बशीएवढी पांढरी डबी फिरवून काढली, तिच्यातला सेल काढला आणि ओट्याखालच्या ड्रॉवरमध्ये टाकला. "रोजचंच आहे मामा," भाची म्हणाली, "फोडणी झाली की परत घालतो." संध्याकाळी मी सहज ड्रॉवर उघडला, तर सेल तिथेच. दुसऱ्या दिवशीही तिथेच.

'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण सगळे लहानपणी ऐकतो. त्यातला पोरगा खोटारडा होता, म्हणून गाव धावून आलं नाही. पण भाचीच्या घरात खोटं कोण बोललं होतं? कोणीच नाही. धूर खरा होता, यंत्रही इमानदार होतं. तरी निकाल तोच लागला. हाक मारणाऱ्याचं तोंड बंद करून आम्ही पोहे खायला बसलो.

अग्निशमन दलाच्या भाषेत आगीच्या खबरीला 'वर्दी' म्हणतात. आग नसताना दिलेली ती खोटी वर्दी. ही खोटी वर्दी थांबवण्यासाठी माणसानं कुलपं लावली, कायदे केले, यंत्रं बनवली. त्यातलं पहिलं कुलूप बरंच महागात पडलं.

अमेरिकेतल्या बोस्टन शहरानं एप्रिल १८५२मध्ये तारायंत्रावर चालणारी आगीची सूचनाव्यवस्था सुरू केली. विल्यम चॅनिंग हा डॉक्टर आणि मोझेस फार्मर हा तंत्रज्ञ, या दोघांची ती कल्पना. रस्त्यारस्त्यांवर लोखंडी पेट्या बसवल्या. प्रत्येक पेटीला क्रमांक. आग दिसली की पेटी उघडायची, आतला दांडा फिरवायचा, की तो क्रमांक तारेवरून मध्यवर्ती कचेरीत पोचायचा आणि तिथून शहरभरच्या घंटा वाजायच्या. त्याआधी आग लागली की कोणीतरी धावत जाऊन चर्चची घंटा बडवायची आणि बंबवाल्यांनी धूर शोधत फिरायचं, असा कारभार होता. आता घंटेचे टोले मोजले की आग कुठल्या भागात आहे ते कळू लागलं. त्या काळात ही जादूच होती.

पण रस्त्यावर पेटी आणि तिच्यात फिरवायला दांडा म्हटल्यावर टारगट पोरं गप्प बसतील का? म्हणून पेट्यांना कुलपं घातली. किल्ल्या पोलिसांकडे आणि आसपासच्या भरवशाच्या माणसांकडे दिल्या. कागदावर व्यवस्था उत्तम होती.

९ नोव्हेंबर १८७२, शनिवारची संध्याकाळ. समर स्ट्रीट आणि किंग्स्टन स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या एका गोदामवजा इमारतीच्या तळघरात आग लागली आणि बघताबघता वरच्या मजल्यापर्यंत गेली. रस्त्यावरच्या लोकांना ज्वाळा दिसत होत्या. ५२ क्रमांकाची पेटी जवळच होती. पण तिला कुलूप! किल्ली असलेला माणूस येऊन पेटी उघडेपर्यंत मोलाची मिनिटं गेली. त्यात त्या हंगामात घोड्यांमध्ये तापाची साथ पसरली होती. बंब ओढायला घोडे नव्हते, माणसांनी दोर लावून ते ओढले. अरुंद रस्ते, लाकडी छपरं, नळाला कमी दाबाचं पाणी, सगळंच प्रतिकूल. दुसऱ्या दिवशी आग आटोक्यात आली तेव्हा सुमारे ६५ एकरांवरचा व्यापारी भाग आणि ७७६ इमारती भस्मसात झाल्या होत्या. सगळा दोष कुलपाचा होता असं मी म्हणणार नाही. पण खोटी वर्दी रोखण्यासाठी केलेल्या बंदोबस्तानं त्या रात्री खरी वर्दी रोखून धरली, हे मात्र खरं.

याच्या नेमकी उलट गोष्ट घडली ४१ वर्षांनी, मिशिगन राज्याच्या उत्तर टोकाला, कॅल्युमेट नावाच्या गावात. तांब्याच्या खाणींचा हा मुलूख. युरोपातून, विशेषतः फिनलंडमधून आलेली हजारो कुटुंबं तिथं राबत होती. जुलै १९१३पासून खाणकामगारांचा संप सुरू होता. घराघरांत चणचण. तरी पोरांचा नाताळ कोरडा जाऊ नये म्हणून कामगारांच्या बायकांनी २४ डिसेंबरला इटालियन हॉलमध्ये समारंभ ठेवला. हॉल वरच्या मजल्यावर. खाली उतरायला एक उभा, लांब जिना. पोरांना खाऊ वाटला जात होता आणि चारशेहून जास्त माणसं दाटीवाटीनं जमली होती. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "आग!"

आग नव्हती. धूरही नव्हता. पण सगळी गर्दी जिन्याकडे वळली. पुढचा पडला, त्याच्यावर दुसरा, त्याच्यावर तिसरा, आणि मागून रेटा चालूच. काही मिनिटांत त्या जिन्यात ७३ जीव गुदमरून गेले. त्यांतली ५९ मुलं होती.

ओरडलं कोण? संप मोडू पाहणाऱ्या मालकधार्जिण्या संघटनेचा बिल्ला त्याच्या कोटावर होता, असं काही साक्षीदारांनी शपथेवर सांगितलं. कोरोनरची चौकशी बसली. पण अनेक साक्षीदारांना इंग्रजी धड येत नव्हतं आणि प्रश्न इंग्रजीत विचारले जात होते. निष्पन्न काही झालं नाही. त्या माणसाचं नाव आजतागायत कळलेलं नाही आणि ७३ मृत्यूंबद्दल एकालाही शिक्षा झाली नाही. १९८४मध्ये ती इमारत पाडली. तिच्या दाराची कमान तेवढी स्मारक म्हणून उभी ठेवली आहे.

पाचेक वर्षांनी, मार्च १९१९मध्ये, 'आग' असं खोटंच ओरडणारा माणूस अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोचला, अर्थात दृष्टान्त म्हणून. पहिल्या महायुद्धातल्या सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध पत्रकं वाटणाऱ्या चार्ल्स शेंक नावाच्या समाजवाद्याचा खटला होता. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स, आणि गंमत म्हणजे हे होम्स बोस्टनचेच. भाषणस्वातंत्र्य कितीही मोठं असलं, तरी नाट्यगृहात आग लागल्याची खोटी आरोळी ठोकून घबराट उडवणाऱ्याला ते संरक्षण देणार नाही, असा त्यांचा आशय. शेंकची शिक्षा कायम झाली. पत्रकं वाटणं आणि आरोळी ठोकणं एकच का, यावर पुढे पुष्कळ वाद झाला आणि १९६९मध्ये त्याच न्यायालयानं ती कसोटी बरीच आवळली.

मला या निकालातला एकच शब्द महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे 'खोटी'. लोक हा दृष्टान्त देताना नेमका तोच शब्द गाळतात. नाट्यगृहात खरोखर आग लागली असेल तर ओरडणं हा गुन्हा कसा होईल? उलट न ओरडणं वाईट. जाणूनबुजून दिलेली खोटी वर्दी आणि प्रामाणिकपणे झालेली चूक, यांत कायदा फरक करतो. शेजारच्या बंद घरातून धूर येतोय म्हणून तुम्ही १०१ फिरवलात आणि बंबवाल्यांनी दार उघडल्यावर आत करपलेलं दुधाचं पातेलं निघालं, तर तुम्ही गुन्हेगार ठरत नाही. ही भीती मनातून काढून टाका.

जाणूनबुजून केलं तर मात्र गोष्ट वेगळी. ब्रिटनमध्ये २००४च्या अग्निशमन कायद्यात खोटी वर्दी देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. अमेरिकेत राज्याराज्यांचे कायदे निराळे, पण खोट्या वर्दीपायी कोणी जखमी झालं किंवा दगावलं तर शिक्षा वाढते, असं पुष्कळ ठिकाणी आहे. आपल्याकडे सरकारी नोकराला खोटी माहिती देऊन कामाला लावणं हा जुन्या दंडसंहितेच्या कलम १८२खाली गुन्हा होता. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेत तो कलम २१७मध्ये आहे. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. घबराट पसरवणाऱ्या खोट्या अफवांसाठी वेगळं कलम आहे. आगगाडीची साखळी विनाकारण ओढली तर १९८९च्या रेल्वे कायद्याचं कलम १४१.

साखळीवरून आठवलं. २२ जानेवारी २०२५ रोजी जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याजवळ लखनौहून मुंबईला येणाऱ्या पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची अफवा उठली. साखळी ओढली गेली, गाडी थांबली, घाबरलेल्या प्रवाशांनी खाली उड्या मारल्या. शेजारच्या रुळावरून कर्नाटक एक्स्प्रेस भरधाव आली. किमान बारा माणसं गेली. तिथेही आग नव्हतीच. कॅल्युमेटचा जिना आणि पाचोऱ्याजवळचा रूळ यांच्यात शंभरावर वर्षांचं अंतर आहे, एवढंच.

या झाल्या एका आरोळीसरशी माणसं मारणाऱ्या खोट्या वर्द्या. दुसऱ्या जातीच्या वर्द्या हळूहळू मारतात. भाचीच्या घरापासून फार दूर नाही, अशा साउथ ऑरेंज गावात सीटन हॉल विद्यापीठ आहे. तिथल्या बोलंड हॉल या वसतिगृहात सप्टेंबर १९९९पासून चार-पाच महिन्यांत १८ वेळा आगीची घंटा खोटीच वाजली होती. १९ जानेवारी २००० रोजी पहाटे साडेचारच्या सुमाराला ती पुन्हा वाजली. कडाक्याची थंडी. अनेक मुलांनी पांघरूण डोक्यावर ओढलं. तिसऱ्या मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीतले कोच पेटले होते. तीन मुलं गेली, तिघंही पहिल्या वर्षाची. पन्नासहून जास्त जखमी झाली. आग एका टवाळखोरीतून लागली होती. त्या प्रकरणातल्या दोघांनी २००६मध्ये गुन्हा कबूल केला आणि पुढच्या वर्षी त्यांना पाच वर्षांची शिक्षा झाली. त्याआधीच, २०००मध्ये, न्यू जर्सीनं सर्व वसतिगृहांत छतावरचे पाण्याचे फवारे सक्तीचे केले. पण आधीच्या अठरा वेळा घंटा वाजल्यामुळे त्या पहाटे किती मुलं पांघरुणात राहिली, याचा हिशेब कुठल्या कलमाखाली मांडायचा?

आता भाचीच्या छतावरच्या त्या डबीकडे येतो. स्मोक अलार्मची जन्मकथा मोठी मजेशीर आहे. १९३०च्या दशकात वॉल्टर येगर हा स्विस शास्त्रज्ञ विषारी वायू ओळखणारं यंत्र बनवत होता. यंत्र वायूला काही दाद देईना. वैतागून त्यानं सिगारेट पेटवली, तर काटा हलला! वायू नव्हे, धूर ओळखणारं यंत्र हाती लागलं होतं. घरात बसवता येईल असा सेलवर चालणारा स्वस्त अलार्म मात्र १९६०च्या दशकात अमेरिकेत डुएन पिअर्सल यानं आणला. त्यामागेही प्रयोगशाळेतल्या कोणाची तरी सिगारेट होती, असं सांगतात. सिगारेटनं माणसं वाचवल्याचं एवढंच उदाहरण मला ठाऊक आहे.

या अलार्मचे मुख्य प्रकार दोन. एकात अमेरिशियम या किरणोत्सारी मूलद्रव्याचा कणभर अंश असतो. त्यानं आतल्या हवेतून बारीकसा वीजप्रवाह वाहत राहतो. धुराचे कण शिरले की प्रवाह कमी होतो आणि अलार्म ओरडतो. भडकत्या आगीला हा झटकन ओळखतो, पण फोडणीलाही तितक्याच तत्परतेनं. दुसऱ्यात प्रकाशाचा झोत असतो. धुरानं तो विखुरला की अलार्म वाजतो. गादी किंवा कोच धुमसत असेल तर हा लवकर सावध करतो आणि स्वयंपाकघराचा त्याला कमी त्रास होतो. अमेरिकेत घरातल्या आगींत मरणाऱ्या दर पाचांपैकी सुमारे तीन जण अलार्म नसलेल्या किंवा असून बंद पडलेल्या घरांतले असतात. बंद पडण्याचं मोठं कारण म्हणजे काढून ठेवलेला किंवा संपलेला सेल.

आपल्याकडे बहुतेक घरांत अजून असा अलार्म नसतो, पण नव्या उंच इमारतींत दिसू लागला आहे. बसवलात तर छतावर बसवा, कारण धूर आधी वर जातो. झोपण्याच्या खोल्यांत आणि त्यांच्या बाहेर हवाच. शेगडीपासून मात्र निदान दहा फूट लांब. महिन्यातून एकदा बटण दाबून तो ओरडतो का ते पाहा. दहा वर्षांनी सेल नव्हे, अख्खा अलार्मच बदला. मधूनमधून टिकटिक करू लागला तर तो सेल मागतोय, त्रास देत नाही. आणि वाजला की आधी बाहेर, मग चौकशी. धूर असेल तर वाकून किंवा रांगत, मागचं दार ओढून घेत, आणि लिफ्टला हात न लावता. फोन बाहेर येऊन करा, पत्ता नीट सांगा. चुकून फोन लागला असेल तर तो ठेवून पळू नका, तसं सांगा, म्हणजे निघालेला बंब दुसरीकडे जाऊ शकेल.

निघायच्या आदल्या दिवशी मी आणि भाचेजावई दुकानात गेलो आणि प्रकाशावर चालणारा नवा अलार्म आणला. दहा वर्षांचा सेल त्याच्या आतच बंद होता, काढायची सोयच नाही. स्वयंपाकघराबाहेरच्या बोळात, बेडरूमच्या दाराशी तो लावला. संध्याकाळी भाचीनं मुद्दाम सुक्या मिरच्यांची खमंग फोडणी केली. आम्ही तिघं खोकत खोकत छताकडे बघत उभे राहिलो. तो काही बोलला नाही. मग मी खुर्चीवर चढून बटण दाबलं आणि शेजारच्या बाईंनी येऊन दार ठोठावलं.