शेख महंमदांची मराठी आणि माझं सध्याचं वाचन

‘मुस्लिम असून तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?’ हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकला असेल. विचारणारा कौतुकानंच विचारतो. उलट आपल्याच घरांत ‘आपली जुबान उर्दू, मराठी शाळेपुरती’ असं म्हणणारेही भेटतात. दोघांचा समज एकच असतो: मराठी ही मुसलमानानं बाहेरून घेतलेली भाषा आहे. सध्या मी वाचत असलेली तीन पुस्तकं हा समज मुळापासून हलवतात.

पहिलं, रा. चिं. ढेरे यांचं १९६७चं ‘मुसलमान मराठी संतकवी’. कल्याणीच्या सहजानंदांचे शिष्य शाह मुंतोजी, गीतेवर मराठीत टीका लिहिणारे हुसेन अंबरखान अशी नावं इथं भेटतात. पण मी रेंगाळले ती श्रीगोंद्याच्या शेख महंमदांपाशी. त्यांचे गुरू चांद बोधले हे कादिरी सिलसिल्यातले सूफी. याच चांद बोधल्यांना दौलताबादचे जनार्दनस्वामी यांचेही गुरू मानलं जातं आणि जनार्दनस्वामी हे एकनाथांचे गुरू. म्हणजे पैठणचे नाथ आणि श्रीगोंद्याचे शेख एकाच गुरुघराण्यातले ठरतात. नाथांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ का लिहिला असेल, याचा विचार मग वेगळ्या अंगानं सुरू होतो.

दुसरं पुस्तक शेख महंमदांचंच, ‘योगसंग्राम’. ते १६४५ साली पुरं झालं. जुनी मराठी असल्यानं दिवसाला पाचदहा ओव्यांपलीकडे मी जात नाही. नावात संग्राम असला तरी लढाई आतली आहे. मन, अहंकार, वासना हे शत्रू. सूफी मंडळी ज्याला नफ्सशी झगडा म्हणतात, तेच इथं ओवीच्या चालीत आणि योगाच्या परिभाषेत येतं. ढोंगी पंडित आणि ढोंगी मुल्ला, दोघांनाही शेख सोडत नाहीत.

त्यांच्याबाबत आपण सगळेच थोडी लबाडी करतो, असं मला वाटतं. काहींना ते फक्त विठ्ठलभक्त म्हणून हवे असतात. त्यांचा कादिरी सिलसिला मग गळून पडतो. काही मुसलमानांना त्यांची भाषा फार ‘हिंदू’ वाटते, म्हणून ते त्यांना आपल्यात धरतच नाहीत. मूळ ग्रंथ वाचला की यातली कुठलीच बाजू छाटता येत नाही. ते अल्लाह आणि हरी ही नावं एकाच मालकाची म्हणून घेतात, आणि जन्मानं आपण कोण हेही लपवत नाहीत.

तिसरा आहे माधव जूलियन यांचा १९२५चा ‘फार्शी-मराठी कोश’. फारसीचे हे प्राध्यापक, मराठीत गझल रुजवणारे कवी. कोश सलग वाचायचा नसतो, पण मी चाळत बसते. कागद, शाई, दौत, तक्ता, खुर्ची, हजेरी: वर्गातलं निम्मं सामान फारसी-अरबीतून आलेलं! त्याहून मजा अर्थ बदललेल्या शब्दांत आहे. उर्दूत ‘तालीम’ म्हणजे शिक्षण, मराठीत कुस्तीचा आखाडा किंवा नाटकाचा सराव. उर्दूत ‘शिकस्त’ म्हणजे पराभव, मराठीत प्रयत्नांची शिकस्त म्हणजे कमाल. शब्द नुसता उसना घेतला असता तर तो तसाच राहिला असता. इथं तो घरचा झाला, म्हणून त्याला नवा अर्थ फुटला.

दोन्ही भाषा शिकवताना मला मुलांना एवढंच सांगायचं असतं: मराठी बोलताना तुम्ही कुणाच्या घरी पाहुणे नाही. शेख महंमद पावणेचारशे वर्षांपूर्वी या भाषेत आपल्या रबशी बोलत होते. पुढच्या वेळी कुणी कौतुकानं तो प्रश्न विचारला, तर रागावू नका. श्रीगोंद्याच्या शेखांचं नाव सांगा आणि जमलं तर ढेऱ्यांचं पुस्तक वाचायला द्या.