दिनविशेष, 5 जुलै : गौलीगुड्याचे जुने बसस्थानक कोसळले (2018)

हैदराबादच्या गौलीगुडा येथील जुन्या बसस्थानकाची कमानदार लोखंडी वास्तू 5 जुलै 2018 रोजी कोसळली. धोकादायक ठरल्याने ती काही दिवस आधीच रिकामी करण्यात आली होती; त्यामुळे जीवितहानी टळली. वास्तू गेली ती मात्र कायमचीच.

मूळचे हे विमानांचे हँगर. निजामाच्या राजवटीत, 1930 च्या सुमारास, अमेरिकी बनावटीचे भाग जोडून ते उभारले गेले. जून 1932 मध्ये निजाम स्टेट रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागाने 27 बसगाड्या व 166 कर्मचाऱ्यांनिशी प्रवासी सेवा सुरू केली आणि हँगरचे बसस्थानक झाले. देशातील सरकारी बससेवेचा हा आरंभ मानला जातो. मराठी वाचकाला एसटीची पहिली गाडी म्हणून 1 जून 1948 ची पुणे–अहमदनगर बस ठाऊक असते. गौलीगुड्याची सेवा तिच्याही सोळा वर्षे आधीची. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे मराठी जिल्हे तेव्हा याच संस्थानात होते. 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर मराठवाड्याची बससेवा वेगळी झाली व पुढे महाराष्ट्राच्या एसटीत विलीन झाली.

1994 मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्या मुसीकाठच्या इमलीबन स्थानकात गेल्या. हँगरात शहर बसगाड्या तेवढ्या उरल्या होत्या.