शेवटची खबर किती वाजताची?

२० ऑक्टोबर १९६२ च्या पहाटे नामका चू नदीच्या खोऱ्यात चिनी तोफा धडाडल्या, तेव्हा ब्रिगेडियर जॉन दळवींच्या ७ इन्फन्ट्री ब्रिगेडच्या पलटणी नदीकाठाने लांबवर विखुरलेल्या होत्या. त्यांना एकत्र बांधणारा धागा म्हणजे जमिनीवरून टाकलेली टेलिफोनची लाईन. भडिमारात ती तुटली. वायरलेस संच मोजके. त्या सकाळी एकट्या २ राजपूतचे पावणेतीनशेच्या वर जवान पडले आणि ब्रिगेड मुख्यालयाला आपल्या पलटणींचं काय झालं याचा धड पत्ता नव्हता. दोन दिवसांनी खुद्द दळवी चिन्यांच्या कैदेत होते. ‘हिमालयन ब्लंडर’ वाचलेल्यांना हे नव्याने सांगायला नको.

आपल्याकडे या प्रसंगातून नेहमी एकच धडा काढला जातो: दळणवळण भक्कम हवं. ते खरंच आहे. पण लाईन तुटली की त्याहून वाईट एक गोष्ट घडते, आणि तिच्याकडे कोणी फारसं बघत नाही. नकाशावरची खूण जागची हलत नाही. पहाटे पाचला लावलेली टाचणी आठ वाजताही तितकीच ठसठशीत दिसते. टाचणीला वय नसतं.

याचं जास्त बोचरं उदाहरण २३ मार्च २००३ चं आहे, इराकमधल्या नासिरियाचं. इथे रेडिओंची वानवा नव्हती. अमेरिकन मरीन्सच्या एका बटालियनला शहरातले दोन पूल घ्यायचे होते. ब्राव्हो कंपनी आणि तिच्याबरोबरची कमांडची वाहनं शहराच्या पूर्वेला सांडपाण्याच्या चिखलात रुतली. एकाच वेळी सगळे बोलू लागल्याने रेडिओवर गर्दी, त्यात मध्ये इमारती. तेवढ्यात चार्ली कंपनी सरळ शहरातून मुसंडी मारून उत्तरेचा कालव्यावरचा पूल ओलांडून गेली. ब्राव्होबरोबर असलेल्या हवाई नियंत्रकाच्या समजुतीप्रमाणे त्या पुलापलीकडे आपलं कोणीच नव्हतं. त्याने ए-१० विमानांना परवानगी दिली. चार्ली कंपनीने त्या दिवशी १८ जण गमावले. त्यांतले किती शत्रूच्या माऱ्याने गेले आणि किती आपल्याच विमानांच्या, हे पुढच्या चौकशीलाही पूर्णपणे उलगडता आलं नाही.

त्या नियंत्रकाकडे माहिती नव्हती असं नाही. माहिती होती, शिळी होती. आणि ती शिळी आहे हे सांगणारं काहीही त्याच्यासमोर नव्हतं.

याच सुमारास अमेरिकेत ‘कर्सर ऑन टार्गेट’ नावाची संदेशाची एक साधी पद्धत तयार झाली होती. कोण किंवा काय, कुठे आणि केव्हा, एवढंच सांगणारा छोटा संदेश. पण त्यात आणखी एक रकाना सक्तीचा होता: ही खबर किती वाजेपर्यंत खरी धरायची. त्याचं नाव ‘स्टेल’, म्हणजे आपल्या रोजच्या भाषेत शिळं. ही मुदत पाठवणाराच ठरवतो. धावत्या वाहनाची खबर काही मिनिटांत शिळी होते, मोडलेल्या पुलाची कित्येक दिवस ताजी राहते. २०१० पासून अमेरिकन हवाई दलाच्या प्रयोगशाळेने ‘ॲण्ड्रॉइड टीम अवेअरनेस किट’ हे सॉफ्टवेअर याच पायावर उभं केलं. साध्या फोनवर नकाशा, त्यावर आपली माणसं, आणि मुदत संपली की त्या माणसाची खूण राखाडी होते. लगेच पुसली मात्र जात नाही. मला यातली ही राखाडी खूणच सगळ्यात मोलाची वाटते. आपण मेसेजवर तारीख आणि वेळ टाकायला कॅडेट असल्यापासून शिकतो, पण ती वेळ मेसेजच्या कागदावरच राहते, नकाशावर चढत नाही.

दुसरा प्रश्न अधिक किचकट आहे. ऑफिसात चारजण मिळून एक दस्तऐवज लिहितात तेव्हा बहुतेक वेळा मध्ये एक सर्व्हर असतो, आणि शेवटचा शब्द त्याचा. गस्तीला हे परवडत नाही. डोंगराची सोंड आडवी आली की सर्व्हर गेला, आणि ‘कृपया वाट पाहा’ असं म्हणणारा नकाशा रात्री दोन वाजता काय कामाचा? म्हणून प्रत्येकाच्या हातात पूर्ण प्रत हवी, संपर्क नसतानाही तिच्यात खुणा करता यायला हव्यात, आणि भेट झाली की प्रती एकमेकींत मिसळायला हव्यात. हे गणिताने पक्कं बसवण्याचं काम २०११ मध्ये मार्क शापिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. अशा रचनांना ‘कॉन्फ्लिक्ट-फ्री रेप्लिकेटेड डेटा टाइप’ म्हणतात. बदल कोणत्याही क्रमाने पोचोत, सगळे पोचले की सगळ्यांच्या प्रती एकसारख्या होतात.

पण एकसारख्या म्हणजे बरोबर नव्हे. समजा दोन गस्ती संपर्काबाहेर आहेत. एकीने सुरुंगाचा पट्टा साफ झाला म्हणून नकाशावरून काढला. दुसरीला त्याच पट्ट्यात नवा सुरुंग दिसला, तिने तिथे पुन्हा खूण केली. दोघी परतल्या. आता नकाशावर काय दिसावं? ‘शेवटचा लिहील तो खरा’ हा नियम लावला तर निकाल फोनच्या घड्याळावर गेला, आणि एखादं घड्याळ दहा मिनिटं पुढे असलं तर साफ झाल्याची नोंद जिंकते. दुसरा नियम असा की एकाच वेळी काढणं आणि घालणं झालं तर घातलेलं टिकतं. त्यात साफ झालेला पट्टाही कधीकधी नकाशावर उगाच परत येतो. येऊ दे. सॅपर्सना एक फेरी जास्त पडेल.

आपल्या तुकड्यांच्या जागांसाठी मात्र हाच नियम घातक आहे. तिथे सकाळी सोडलेली चौकी नकाशावर परत आली तर तिच्या मदतीला माणसं निघतील. म्हणजे एकाच नकाशावर सुरुंगाला एक नियम, माणसाला दुसरा, पुलाला कदाचित तिसरा. सॉफ्टवेअर लिहिणारा मुलगा हुशार असतो, पण हे त्याने एकट्याने टेबलावर बसून ठरवायचं नाही. त्याच्या शेजारी गस्तीवरून आलेला एखादा सुभेदार बसलेला हवा, आणि तोही काम सुरू होण्याआधी.