भाड्याची सायकल आणि शहराची सायकल

आमचें काटेवाडी हें गांव बारामतीहून इंदापुराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बारामतीपासून सुमारें तीन कोसांवर आहे. माझ्या शाळकरी वयांत, म्हणजे १९७० नंतरच्या दशकांत, बारामतीच्या बाजारांत तासाच्या भाड्यानें सायकल मिळत असे. दुकानदार जाड वहींत नांव, गांव, बापाचें नांव आणि वेळ लिहून ठेवी. अनामत रक्कम मागत नसे. “कोणाचा रे तूं?” एवढेंच विचारी, उत्तर पटलें कीं सायकल पुढें करी. एकदां नीरा डाव्या कालव्याच्या कडेनें भटकतांना माझी साखळी तुटली आणि सायकल ढकलीत आणावयास रात्र झाली. पुढच्या बाजारीं दुकानदारानें वडिलांना गांठून जादा भाडें वसूल केलें. साखळीचे पैसे मात्र त्यानें घेतले नाहींत.

सार्वजनिक सायकलींचा इतिहास वाचतांना मला त्या वहीची वारंवार आठवण होते. १९६५ सालीं ॲमस्टरडॅम येथें ‘प्रोव्हो’ नांवाच्या तरुणांच्या चळवळीनें कांहीं सायकली पांढऱ्या रंगवून, कुलूप न लावतां रस्त्यावर ठेवल्या. हवी त्यानें घ्यावी, काम झालें कीं सोडून द्यावी! लूड स्खिमेलपेनिंक हे या कल्पनेचे जनक. पोलिसांनीं त्या सायकली जप्त केल्या, कारण बिनकुलपी सायकल रस्त्यावर सोडणें तेथील नियमांत बसत नव्हतें. चोरी टाळण्यासाठीं केलेला नियम दानाच्या आड आला. पुढें १९६७ सालीं ही योजना नगरसभेनेंही नामंजूर केली.

१९९५ सालीं कोपनहेगन शहरानें निराळी युक्ति योजिली. खांचेंत नाणें घातलें कीं सायकल सुटे. ती परत अडकविली कीं नाणें हातीं येई. परंतु नाणें कोणाचें, हें खांचेस कसें कळावें? नाण्याहून सायकल मोलाची, हें तर चोरास सांगावयास नको. २००५ सालीं लिऑन येथें आणि २००७ सालीं पॅरिस येथें कार्ड आलें, आणि कार्डाबरोबर घेणाऱ्याचें नांव आलें. बारामतीची वही ती हीच! तरीही पॅरिसांत हजारों सायकली चोरीस गेल्या वा मोडल्या.

तेथें दुसरीही एक अडचण उद्भवली. लोक टेकडीवरून सायकलीनें आनंदानें उतरत; चढावयास मात्र दुसरें वाहन पाहत. वरचीं ठाणीं रिकामीं, खालचीं तुडुंब. सायकली मालमोटारींत घालून पुन्हां वर नेणें हाच मोठा खर्च होऊन बसला. म्हणून उंचावरील ठाण्यावर सायकल नेऊन ठेवणाऱ्यास पंधरा मिनिटें जादा फुकट देण्याची सवलत निघाली. ही सवलत मला या साऱ्या इतिहासांतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते.

आतां पुण्याकडे वळूं. एके काळीं सायकलींचें शहर म्हणून तें ओळखलें जाई. पुढें स्कूटरी आल्या, उपनगरें लांबलीं, आणि सायकल गरिबाघरची ठरली. डिसेंबर २०१७ मध्यें औंध भागांत ‘स्मार्ट सिटी’च्या आश्रयानें सार्वजनिक सायकली सुरू झाल्या, त्याच महिन्यांत महापालिकेनें शहराचा सायकल आराखडाही मंजूर केला. या सायकलींना ठाण्याची गरज नव्हती. मोबाईलनें कुलूप उघडावें आणि उतराल तेथें सायकल ठेवावी. पेडल, ओफो, मोबाईक अशा कंपन्या मागोमाग उतरल्या. ओफोनें २०१८ सालींच हिंदुस्थानांतून काढता पाय घेतला आणि मोबाईकही फार काळ टिकली नाहीं.

कुलपें फोडणारांस दोष देणें सोपें आहे, आणि तो द्यावाही. पण माझ्या मतें मूळ चूक क्रमाची होती. सायकल आधीं आली, रस्ता मागें राहिला. सायकलींसाठीं आंखलेल्या पट्ट्या तुकड्यातुकड्यांच्या. त्यांवर मोटारी उभ्या आणि हातगाड्याही.

२०१८ च्या उन्हाळ्यांत मी औंधला मुलीकडे गेलों होतों. नातवानें मोबाईलनें सायकल उघडून दिली आणि मी हौसेनें निघालों. पट्टी एका विजेच्या पेटीपाशीं संपली. पुढच्या रहदारींत शिरण्याचें धैर्य होईना, म्हणून सायकल ढकलीत परत आलों आणि ती फाटकाशीं उभी केली. नातवाच्या मोबाईलवर फेरी संपल्याचा निरोप आला. ढकलीत कां आणली, हें मात्र कोणींच विचारलें नाहीं.