काडी, पान आणि दातांवरचा थर

गोंदियाच्या जंगलाने तोंडासाठी दोन वस्तू पुरवल्या: दातवणाची काडी आणि विडीचे तेंदूपान. दातवणाने दात स्वच्छ होतात, याचे श्रेय कडुनिंबाच्या रसाला देण्याची रीत आहे. ते खरे तर चावून केलेल्या कुंच्याला द्यायला हवे. घासलेल्या दातावर काही मिनिटांतच लाळेतील प्रथिनांचा पातळ पापुद्रा धरतो. त्याला आधी स्ट्रेप्टोकोकस जंतू चिकटतात, मागून इतर येतात आणि सगळे स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात; हाच दातांवरचा थर. प्रयोगशाळेत निंबाच्या अर्काने जंतू मरतात, हा आक्षेप रास्तच. पण नळीत तरंगणारा जंतू वेगळा आणि आवरणात दडलेला वेगळा. सूक्ष्मदर्शकातून जंतू पाहणाऱ्या हॉलंडच्या लेव्हेनहुकने सतराव्या शतकातच नोंदवले होते, की व्हिनेगरने थराच्या बाहेरचे जीव तेवढे मेले, आतले जिवंत राहिले. थर खरवडावाच लागतो, आणि दातांच्या फटीत काडी पोचत नाही, ही तिची मर्यादा.

दुसरी वस्तू, विडीचे पान, अधिक फसवी. मनोहरभाई पटेलांसारख्या व्यापाऱ्यांच्या काळात गोंदिया विडीचे मोठे केंद्र झाले. विडीची फसवणूक कळायला आधी थर हिरड्यांचे काय करतो ते पाहावे लागते. थर साचू दिला की दोन-तीन आठवड्यांत हिरड्या सुजतात आणि साफ केला की बऱ्या होतात, हे डेन्मार्कमध्ये १९६५ साली हॅराल्ड लो यांच्या चमूने दाखवले. विडी ओढणाऱ्याच्या हिरड्यांतून मात्र रक्त कमी येते, कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. म्हणून ‘विडीने हिरड्या घट्ट होतात’ हा समज टिकला. आत हाड झिजतच असते.