आजीच्या मशिनचे मोल

आमच्या घरात शिवणाचे एक जुने मशिन आहे. हाताने फिरवायचे, काळे कुळकुळीत, अंगावर सोनेरी वेलबुट्टी आणि वर लाकडी कमानदार झाकण. ते सातारच्या आमच्या आजीचे. आजोबा अकाली गेले, तेव्हा पदरात तीन मुले होती. आजीने हे मशिन हप्त्याने घेतले. महिन्याला पाच रुपये. त्या हप्त्यांचा कागद आईने पुष्कळ वर्षे जपून ठेवला होता. सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत बसून आजीने चोळ्या, परकर-पोलकी, मुलांच्या चड्ड्या शिवल्या आणि तिन्ही मुलांना शिकवले. पुढे मी शिक्षकाची नोकरी धरून सांगलीला आलो आणि आईबरोबर मशिनही आले.

ऑगस्ट २०१९चा महापूर सांगलीकर कधी विसरणार नाहीत. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. गावभागातले आमचे घर आठ दिवस बंद होते. उघडले, तेव्हा मशिन गाळात रुतलेले सापडले. त्याचे शटल आणि बॉबिना ठेवलेला पत्र्याचा डबा मात्र वाहून गेला होता. हे मशिन पुन्हा चालेल का आणि त्याची किंमत तरी काय, या दोन प्रश्नांमागे मी पुढचे कित्येक महिने हिंडलो. इतिहास शिकवण्यात जन्म गेला. पण घरातल्या एका वस्तूचा इतिहास मी तेव्हा पहिल्यांदा वाचला.

पहिला प्रश्न सुट्या भागांचा. सांगलीत एका कारागिराकडे मशिन नेले. त्यांनी पुढची सरकती पट्टी ओढून आत पाहिले आणि म्हणाले, "सर, हे होडीचं शटल. पंधरा नंबरचं मशिन असतं, तर आत्ता उभ्या उभ्या सामान दिलं असतं." मिरजेतही तेच उत्तर मिळाले. हा पंधरा नंबर म्हणजे काय, ते मला नंतर उमगले.

सिंगर कंपनीने मशिनच्या प्रत्येक घडणीला क्रमांक दिला होता. पंधराव्या वर्गातल्या मशिनमध्ये गोल बॉबिन असते आणि ती एका डबीत बसते. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या कारखान्यांनी हीच घडण उचलली. आपल्याकडची घरोघर दिसणारी काळी मशिनेही बहुतेक त्याच वळणाची. त्यामुळे लुधियानात तयार झालेली बॉबिन-डबी स्कॉटलंडमध्ये घडलेल्या सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या मशिनलाही चालून जाते. आमचे मशिन मात्र अठ्ठाविसाव्या वर्गातले. त्याची बॉबिन लांब, काडीसारखी. ती होडीच्या आकाराच्या शटलमध्ये बसते आणि हे शटल मागाच्या धोट्यासारखे पुढेमागे झुलते. ही घडण मागे पडली, तसे तिचे सामानही बाजारातून गेले. गंमत म्हणजे सुईची अडचण कधीच आली नाही. आज कोणत्याही दुकानात घरगुती मशिनसाठी मिळणारी एका बाजूने चपटी सुई आमच्या म्हाताऱ्या मशिनला बिनतक्रार बसते.

मशिनच्या बैठकीवर उजव्या हाताला एक क्रमांक कोरलेला असतो. आमच्या क्रमांकाच्या आधी इंग्रजी 'वाय' हे अक्षर आहे. हे अक्षर स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यात १९२०च्या आणि १९३०च्या दशकांत घडलेल्या मशिनांवर येते. या कारखान्याची वस्ती किलबोवी नावाची. म्हणून तिथल्या मशिनांच्या वर्गापुढे 'के' लागतो. १९१३ साली या एका कारखान्यात तेरा लाखांच्या आसपास मशिने तयार झाली! १९४१च्या जर्मन बाँबफेकीतूनही तो तगला आणि अखेर १९८०मध्ये बंद पडला. आमच्या मशिनचे माहेरच नाहीसे झाले म्हणायचे.

शिवणयंत्राचा जन्मही सुखाचा नव्हता. फ्रान्समध्ये तिमोनिए नावाच्या शिंप्याने १८३०मध्ये यंत्राचे पेटंट घेतले आणि सैनिकांचे गणवेश शिवायला सुमारे ऐंशी यंत्रे उभी केली. पोटावर पाय येणार म्हणून चिडलेल्या शिंप्यांनी ती मोडून टाकली. अमेरिकेत १८४६ साली इलायस होवेने दोन दोऱ्यांच्या टाक्याचे पेटंट घेतले. आयझॅक सिंगर हा मूळचा नाटकवाला. बॉस्टनच्या एका कारखान्यात दुरुस्तीला आलेल्या यंत्रावर डोके लढवून त्याने आपले यंत्र बनवले आणि १८५१मध्ये पेटंट मिळवले. होवेने त्याला कोर्टात खेचले. शेवटी १८५६मध्ये सगळ्या पेटंटवाल्यांनी आपापसांत समझोता केला. त्याच सुमारास सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क याने हप्त्याने विक्रीची युक्ती काढली. सातारच्या एका विधवेच्या घरात हे यंत्र आले, ते या युक्तीमुळे!

महात्मा गांधी यंत्रांचे टीकाकार, हे आपण जाणतो. पण १९२४ साली रामचंद्रन नावाच्या विद्यार्थ्याशी बोलताना त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद केले. सिंगरने बायकोचे शिवणाचे कष्ट पाहून तिच्या प्रेमापोटी हे यंत्र शोधले, असे ते म्हणाले. खरा सिंगर असा एकपत्नी नव्हता. त्याची एकाहून अधिक बिऱ्हाडे होती आणि वीसहून अधिक मुले. कथा खरी नसली, तरी गांधीजींचा मुद्दा खोटा ठरत नाही. माणसाला बेकार करणारे यंत्र वेगळे आणि त्याच्या हाताचे कष्ट हलके करणारे यंत्र वेगळे. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने बायकांना शिवणकाम शिकवले, त्यामागेही हेच होते. आमच्या आजीच्या दोन खोल्यांत यापेक्षा वेगळे काय घडले?

आपल्या भागाला यंत्राची ओळख नव्हती असे नाही. औंध संस्थानच्या आश्रयाने १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोडच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडाने जमीन विषारी होईल, या भीतीने शेतकरी त्यांचा लोखंडी नांगर घ्यायला आधी तयार नव्हते, असे सांगतात. नांगर पटला, पण फाळ झिजल्यावर दुसरा फाळ जवळ मिळाला, तरच तो टिकणार. कोणत्याही यंत्राचे आयुष्य त्याचा सुटा भाग ठरवतो.

आता दुसरा प्रश्न, किमतीचा. मला तीन भाव मिळाले. भंगारवाल्याने काट्यावर ठेवून तीनशे रुपये सांगितले. जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने मशिन चालू करून आणले, तर दोन-तीन हजार देऊ, असे म्हटले. तिसरा भाव माझ्या धाकट्या भावाने आणला: वीस लाख! पुराने त्याच्या घराची भिंत गेली होती आणि पैशांची नड होती. कोणी एक 'पार्टी' त्याला भेटली. जुन्या सिंगरमध्ये 'लाल पारा' असतो, तो परदेशात सोन्याहून महाग जातो, फक्त आधी तपासणीचे दहा हजार भरा, असे त्यांनी सांगितले. मी समजावले, तर म्हणाला, "दादा, तुला आजीचं मशिन सोडवत नाही, म्हणून तू असं बोलतोस." त्याने पैसे भरले. पार्टीचा फोन त्यानंतर लागलाच नाही.

ही अफवा आपल्याकडची नाही. २००९च्या एप्रिलमध्ये सौदी अरेबियात ती अशी पसरली, की जुन्या सिंगर मशिनांचे भाव दोन लाख रियालपर्यंत गेल्याच्या बातम्या आल्या. आमचे मशिन मी स्वतः पूर्ण खोलून पाहिले आहे. आत लोखंड, पोलाद, थोडे पितळ आणि नव्वद वर्षांचे तेल. याखेरीज काही नाही.

मग खरी किंमत कशी ठरते? वस्तू जुनी असली म्हणजे ती दुर्मीळ होते, असे नाही. लाखांनी तयार झालेले मशिन शंभर वर्षांनीही हजारोंच्या घरांत शिल्लक असते. संग्राहक पैसे मोजतो, ते एकोणिसाव्या शतकातल्या घडणीला, न उडालेल्या सोनेरी नक्षीला, मूळ झाकण, किल्ली, माहितीपुस्तिका आणि सगळे सुटे भाग जागच्या जागी असण्याला. हौसेने नवा रंग मारला, की उरलेली किंमतही जाते. नक्षी स्पिरिटने पुसू नये, तीवरचे रोगण विरघळते. पुरात सापडलेल्या मशिनचे चाक जोराने फिरवू नये; गाळ काढून, सांध्यासांध्यांत तेल सोडून काही दिवस थांबावे. हे शहाणपण मला एक दांडा वाकवल्यावर आले.

शटल शेवटी साताऱ्यात मिळाले. खण आळीच्या मागे एक वयोवृद्ध शिंपी राहतात, असे कळले. त्यांनी मशिन पाहिले आणि काही न बोलता पलंगाखालून बिस्किटांचा जुना डबा काढला. त्यात बंद पडलेल्या मशिनांतून काढून ठेवलेले स्क्रू, स्प्रिंगा, दात आणि दोन होडीची शटले. एक बसले, पण जरा अडखळत होते. काकांनी बारीक पॉलिश कागदाने त्याची कड दोन-तीनदा हलकेच घासली. सिंगरच्या कारखान्यातही सुरुवातीची कित्येक वर्षे भाग असेच कानशीने घासून एकमेकांना जुळवत, हे मी वाचले होते. त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले. मी पैसे विचारले, तर म्हणाले, "मास्तर, डब्यात पडून ह्याला किंमत नव्हती. तुमच्या मशिनात गेलं, आता हाय."

मशिन चालू झाले, तेव्हा आमच्या शेजारच्या सूनबाईंचे विजेवरचे मशिन पुरात निकामी झालेले होते. त्यांचा शाळेच्या गणवेशांचा व्यवसाय. नवे मशिन येईपर्यंत दोन महिने त्यांनी आजीच्या मशिनवर टीप मारली. परत करताना त्यांनी मशिन पुसून, तेल घालून आणले होते आणि सोबत एक पिशवी शिवून दिली होती. धाकटा भाऊ त्या दिवशी घरीच होता. त्याने चाक एकदा फिरवून पाहिले आणि म्हणाला, "दादा, आता हे विकायचं नाही."

तुमच्याही माळ्यावर असे एखादे मशिन असेल. त्याचा क्रमांक वाचा, वर्ग ओळखा, शटल आणि बॉबिना जपून ठेवा. कोणी लाखांची गोष्ट काढली, तर आधी पैसे देऊ नका. आणि भंगारात घालण्याआधी गावातल्या जुन्या शिंप्याला एकदा विचारा. त्याच्याकडेही असा डबा असतो, आणि तो डबा त्याच्यानंतर कोणी जपेलच असे नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)