पत्रावरचं आपलं नाव

मोबाइलवर आपल्या नावानिशी आलेला जाहिरातीचा संदेश नवा वाटतो. त्याचं मूळ मात्र जुनं आहे. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या सू सिटीच्या जोसेफ स्मिथ डंकन यांनी १८९६ मध्ये पत्ते छापणाऱ्या यंत्राचं, ‘अ‍ॅड्रेसोग्राफ’चं, पेटंट घेतलं. पुढे प्रत्येक वर्गणीदाराच्या नावाची धातूची पट्टी बनू लागली. पट्टीवरच्या खुणा पाहून यंत्र ठरावीक गिऱ्हाइकांचेच पत्ते छापी. बाकीच्या पट्ट्या तशाच पुढे सरकत. गझलेच्या मक्त्यात शायर आपलं नाव गुंफतो, ते ऐकणाऱ्याशी नातं जोडायला. यंत्राला नाव लागतं ते गिऱ्हाईक निवडायला. म्हणून अशी हाक आली, की ओ देण्याआधी मी स्वतःला विचारतो : माझ्या पट्टीवर कोणती खूण असेल?